स्पिटफायर डावीकडे खेचते: दुरुस्तीच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२४

गाडी: ट्रायम्फ स्पिटफायर मार्क फोर, १९७२, १२९६ सीसी. नोव्हेंबरात घेतली. आधीच्या मालकाकडे अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन सुरू होतं, गिअर पडतात, पण ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींवर भरवसा नाही. थंडीत कार्ब्युरेटर आणि वायरिंग उरकलं. आता हे.

पहाटे हेराल्ड ॲव्हेन्यूवर नेली. कॉव्हेंट्रीतल्या कॅनलीचा हा भाग म्हणजे ट्रायम्फच्या जुन्या कारखान्याची जागा. शेवटची स्पिटफायर १९८० साली इथूनच बाहेर पडली. आता ऑफिसं आणि गोदामं आहेत, शनिवारी या वेळी चिटपाखरू नसतं. ताशी २० मैलांच्या वर न जाता चार वेळा ब्रेक लावून पाहिले.

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे झेप घेते. पाय काढला की झेप थांबते, पण हलकी ओढ डावीकडेच राहते आणि दहा-पंधरा सेकंदांनी विरते. पेडल अर्ध्याच्या खाली गेल्यावर ब्रेक धरतो. लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर वरच धरतो. स्टिअरिंग जड. वळण संपल्यावर सैल सोडलं तरी मधे येत नाही, हातानेच आणावं लागतं. परत आल्यावर दोन्ही पुढच्या रिमपाशी तळहात नेला: डावं चाक चांगलंच तापलेलं, उजवं जवळजवळ थंड.

विकणाऱ्याचं म्हणणं होतं की रॅक, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा दात्यांचा दांडा, गेलाय, नवा टाकला की सगळं सुटेल. मी या कामापुरता एक नियम ठरवलाय. ज्याचा दोष सुटा करून किंवा मोजून दिसला नाही, तो भाग बदलायचा नाही. अंदाजाने चार भाग एकदम बदलले तर गाडी कदाचित सुधारेल, पण मुळात काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

११ फेब्रुवारी

आज पाना न लावता बघता येईल तेवढं बघितलं. टायरमधली हवा: पुढे डावीकडे १६ पीएसआय, उजवीकडे २२. हवी २१, मागे २६. डावं टायर बसलेलं असेल तर गाडी डावीकडे ओढणारच, म्हणून आधी हवा सारखी केली आणि पुन्हा चक्कर मारली. ओढ थोडी कमी, झेप तशीच. एवढ्यावर उत्तर मिळणार नव्हतं, पण हे न करता पुढे गेलो असतो तर प्रत्येक निष्कर्षात शंका राहिली असती.

पुढचं अख्खं बॉनेट बिजागरीवर पुढे कलतं. इटालियन डिझायनर मिकेलोत्तीने आखलेल्या या गाडीची ही गोष्ट मला सर्वांत आवडते. बॉनेट उघडलं की मडगार्डही त्याच्याबरोबर जातं. टायरवर बसायचं, सस्पेन्शन, रॅक, ब्रेकच्या नळ्या सगळं गुडघ्यापाशी.

पुढची बाजू स्टँडवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं. डावीकडे किंचित खेळ, तेवढ्यात बायकोला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, म्हणजे तो व्हील बेअरिंगचा होता. ब्रेक दाबूनही राहिला असता तर खालचा सांधा किंवा वरचा बॉल जॉइंट पाहावा लागला असता. हबचा नट हलका घट्ट करून एक पैलू मागे घेतला, नवी स्प्लिट पिन घातली. खेळ गेला. उजवीकडे खेळ अजिबात नाही. तेव्हा ते चांगलं लक्षण वाटलं.

१७ फेब्रुवारी

आज डाव्या चाकाचा छडा लागला.

जॅकवर चाक हाताने फिरवलं: मोकळं. ब्रेक दाबून सोडला: जाम. घड्याळ लावलं, बारा सेकंदांनी सैल होऊ लागलं. रस्त्यावरची ओढ विरायला लागायचा तेवढाच वेळ.

चाक जाम राहण्याची कारणं तीन. कॅलिपरमधला (डिस्कवर पॅड आवळणाऱ्या भागातला) पिस्टन अडकतोय, किंवा पेडलने दाब तयार करणारा मास्टर सिलिंडर दाब परत सोडत नाही, किंवा मधली रबरी नळी (होज). तिघांना वेगळं करायची रीत सोपी आहे. ब्रेक दाबून सोडला आणि चाक जाम असतानाच कॅलिपरवरचा ब्लीड निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायची तोटी) पाव वळसा उघडला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक त्या क्षणी मोकळं झालं. म्हणजे पिस्टन अडकलेला नाही, त्याच्यामागे दाब कोंडलेला आहे. निपल बंद करून परत दाबलं, चाक परत जाम. या वेळी नळीच्या पलीकडचा, लोखंडी पाइपाकडचा जोड सैल केला. थेंबभर ऑइल आलं, चाक हललं नाही. मास्टर सिलिंडर दोषी असता तर इथेच सुटलं असतं. दाब नळीतच कोंडत होता.

नळी काढून उभी चिरली. बाहेरून एक भेग नाही, तुकतुकीत काळी. आतलं रबर फुगून भोक सुईएवढं राहिलेलं, एका जागी आतला पापुद्रा सुटून झडपेसारखा लोंबत होता. पायाच्या जोराने ऑइल पुढे ढकललं जातं. परत यायला मात्र कॅलिपरच्या सीलचा मूळपदावर येण्याचा जोर तेवढा असतो, आणि तो या झडपेपुढे पुरा पडत नाही.

बाहेरून बघून होज "चांगले आहेत" म्हणणाऱ्यांसाठी तो चिरलेला तुकडा ठेवून दिलाय.

२४ फेब्रुवारी

चारही होज नवे. नियमाला हा एक अपवाद, आणि तो मी विचार करून केला. मागे प्रत्येक चाकाची स्वतंत्र नळी आहे, चारही एकाच वयाच्या. या गाडीला ब्रेकची एकच लाइन आहे. एक नळी फुटली तर पेडल थेट फरशीला, हातात फक्त हँडब्रेक. पुढच्या काळातल्या गाड्यांसारखी पुढची-मागची वेगळी सोय इथे नाही. अशा गाडीत तीन नळ्यांची फाटण्याची वाट पाहणं मला पटत नाही.

जुनं ऑइल चहासारखं निघालं. डॉट ४, म्हणजे हे ब्रेकचं ऑइल, हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी मुरल्यावर प्रमाणाप्रमाणे किमान १५५. उतारावर तापलेल्या डिस्कजवळ ते उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. अकरा वर्षांचं पाणी त्यात किती होतं कोण जाणे. रंगावर सांडलं तर रंग उचलून आणतं, म्हणून आधी मडगार्डवर जाड ओली फडकी टाकली होती.

नळ्यांतली एअर काढायला बायको पेडलवर. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी, उजवं पुढचं शेवटी.

"दाब."
"दाबलंय."
"धरून ठेव. सोडू नको हं, मी सांगेपर्यंत."
"अरे, खाली गेलं!"
"जाऊ दे. धर... आता सोड."

एका चाकाला वीस-बावीस वेळा. शेवटी तिचा पाय भरून आला, पण बुडबुडे थांबले.

२ मार्च

हेराल्ड ॲव्हेन्यू. पाय काढल्यावरची ओढ पूर्ण गेली. ब्रेक दाबतानाची झेप मात्र तशीच, डावीकडेच.

थोडा वेळ गाडीत बसून राहिलो. मग लक्षात आलं की पहिल्या दिवशी मी या दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या होत्या आणि मनात मात्र एकच धरल्या होत्या. दाबताना खेचणं आणि सोडल्यावर खेचत राहणं ही दोन वेगळी दुखणी, दिशा एकच. सोडल्यावर ओढ ज्या बाजूला, दोष त्या बाजूला: ते चाक सुटत नाही. दाबताना झेप ज्या बाजूला, दोष बहुतेक वेळा उलट्या बाजूला: ते चाक धरत नाही. उजवं चाक पहिल्या दिवसापासून थंड होतं. ते नोंदीत लिहिलेलं आहे.

दुपारी उजवा कॅलिपर उघडला. समोरासमोर दोन पिस्टन. बायकोने हळूच पेडल दाबलं. आतला पिस्टन आळसावून सरकला, बाहेरचा ठार.

९ मार्च

कॅलिपर टेबलावर. आतला पिस्टन क्लॅम्पने धरून ठेवला, तो आधी बाहेर आला तर दाब तिथूनच निघून जाईल. बाहेरच्यासाठी होजच्या भोकाला जोड लावून ग्रीस गन चालवली. कॉम्प्रेसरची हवा वापरत नाही. अडकलेला पिस्टन एकदम सुटला तर गोळीसारखा येतो, आणि बोटं तिथेच असतात. ग्रीस गनमध्ये दाब प्रचंड पण पिस्टन मिलिमीटर-मिलिमीटरने येतो. नंतर मात्र ग्रीसचा कणही राहता कामा नये, खनिज ग्रीसने ब्रेकची रबरी सीलं फुगतात. स्पिरिटने तीनदा धुतला.

पिस्टनवरचा क्रोमचा मुलामा फुगून उठला होता. स्टेनलेसचे नवे पिस्टन, नवी सीलं. कॅलिपरची दोन अर्धी सुटी केली नाहीत, त्याची गरजच पडत नाही. डाव्याचे पिस्टन तपासले, स्वच्छ होते, तसेच ठेवले. पॅड मात्र दोन्हीकडे नवे, एकाच पेटीतले.

१० मार्च

झेप गेली. ताशी ३० वरून हात सैल ठेवून ब्रेक दाबला, गाडी रेघेत थांबली. पेडल अजून खोल. स्टिअरिंग अजून जड.

१६ मार्च

आता रॅक. किंवा रॅक नाही.

पुढची बाजू स्टँडवर. स्टिअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवलं: सगळीकडे जड. मग दोन्ही ट्रॅक रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकांच्या स्टिअरिंग आर्मशी जोडणारे सांधे, सोडवले. स्क्रू ओढणाऱ्या साधनाने हलले नाहीत. शेवटी आर्मच्या डोळ्यावर एका बाजूने जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका दिला. एकाच ठोक्यात टेपर (निमुळता सांधा) सुटला. परत स्टिअरिंग फिरवलं. लोण्यासारखं, दोन्ही टोकांपर्यंत, कुठे अडखळ नाही. कॉलम, खालचं कपलिंग, रॅक, तिघंही निर्दोष. रॅक धरणारे रबर बुश तेलाने मऊ झालेत, ते बदलीन. पण रॅक बदलण्याचे पैसे वाया गेले असते.

आता प्रत्येक चाकाचा स्टिअरिंग आर्म वेगळा. मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा आर्मच्या टोकाला अडकवून ओढला. डावा २ किलोला हलला. उजवा ७ किलोला, तोही किरकिरत, आणि जिथे सोडला तिथेच थांबला.

दोष उजव्या चाकाच्या सांध्यात आहे. वर बॉल जॉइंट, खाली ट्रनियन. वरचा सोडवून हाताने फिरवला, मोकळा. उरला ट्रनियन.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी. चाक ज्या उभ्या लोखंडी दांड्यावर बसतं, त्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत. ते टोक पितळी ट्रनियनमध्ये, नटात बोल्ट फिरावा तसं बसतं. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांवरच फिरतो. म्हणजे आटे हेच बेअरिंग. गाडीचं वजनही तिथूनच जातं: रस्ता चाकाला वर ढकलतो, स्प्रिंग खालच्या विशबोनला (चाक धरणाऱ्या आडव्या दांड्याला) खाली दाबते, आणि मधे ही आट्यांची जागा ताणली जाते. लोटस एलानच्या पुढच्या चाकांमागेही हेच ट्रायम्फचे भाग आहेत. रचना नीट सांभाळली तर हलकी, स्वस्त आणि टिकाऊ. तिची एकच अट आहे: हिला तेल हवं, ग्रीस नको.

११ फेब्रुवारीला उजवीकडे खेळ नव्हता ते चांगलं लक्षण नव्हतं. आटे गंजून धरले होते.

१७ मार्च

सांगलीला काकांना फोन. त्यांच्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड होती, मी लहानपणी तिच्या मागच्या सीटवर वाढलो. हेराल्ड आणि स्पिटफायर एकाच घरातल्या, पुढचा सांधा तोच. मी काट्याचे आकडे सांगितले. ते पुरतं ऐकूनही घेईनात.

"तेल आहे का ग्रीस?"
"अजून उघडलं नाही काका."
"उघड. ग्रीस असणार बघ. आपल्या गाडीचंही तेच झालेलं."

ही गोष्ट मला आजवर माहीत नव्हती. त्यांचा मिस्तरी मायेने दर महिन्याला सगळ्या निपलांना ग्रीस मारायचा, ट्रनियनलाही. पावसाळ्यात एकदा मिरजेहून येताना काका गल्लीत वळले, वेग चालण्याएवढा, आणि उजवं चाक आतल्या बाजूला दुमडून आडवं झालं. दांडा आट्यांपाशी तुटला होता. "पाच मिनिटं आधी मी मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या बाजूने चाललो होतो. काकू शेजारी होती," म्हणाले. मग बराच वेळ गप्प होते. "तू ती गाडी आता चालवू नकोस. आधी उघड."

२३ मार्च

उघडला. कॅलिपर सोडवून तारेने टांगला, होजवर लोंबकळू दिला नाही. खालच्या विशबोनखाली जॅक. ट्रनियनचा आडवा बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटलेला. दोन तास गंज सोडवणारं भेदक तेल, उष्णता आणि हातोडी, शेवटी करवतीने कापला.

आत ग्रीस. खाली पिवळं घट्ट झालेलं, मधे मेणासारखं, आणि वरच्या आट्यांमध्ये काहीच नाही, नुसता तांबडा गंज. ग्रीस त्या बारीक फटींतून वर चढत नाही. तेल आट्यांच्या वाटेने वरपर्यंत जातं आणि खालच्या खोबणीत साठून राहतं. वरचं रबरी सील फाटलेलं, तिथून अकरा वर्षं दमट हवा आणि त्याआधी रस्त्यावरचं मिठाचं पाणी आत. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते इथल्या जुन्या गाड्यांचं खरं दुखणं.

दांडा स्वच्छ करून भिंगाखाली धरला. शेवटून तिसऱ्या आट्यापाशी गंजाचे खड्डे. भेग दिसली नाही, तरी तो दांडा परत बसवणार नाही. डावाही उघडला. आटे ठीक होते, पण आत ग्रीसच. दोन्ही बाजूंना नवे दांडे आणि नवे ट्रनियन मागवले. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. आदलाबदल चालत नाही.

३० मार्च

ईस्टरची सुट्टी. पार्सल गुरुवारी आलं म्हणून बरं.

एक नवा ट्रनियन दांड्यावर अर्ध्यात घट्ट होत होता. आटे नीट कापलेले नव्हते. जोर लावला असता तर बसला असता आणि वर्षभरात मी परत इथेच आलो असतो. परत पाठवला. दुसरी बाजू पूर्ण केली: आट्यांना तेल, ट्रनियन पूर्ण आत फिरवून मग एका वळशाच्या आत मागे, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळलं तरी तळाला टेकणार नाही. नवे नायलॉन बुश, धुळीच्या चकत्या, नवा बोल्ट.

तेल: ईपी ९० गिअर ऑइल. ट्रनियनवरचा लहान प्लग काढून तिथे निपल लावायचा, गनमध्ये ग्रीसऐवजी हे तेल भरायचं, आणि वरच्या सीलमधून डोकावेपर्यंत मारायचं. यासाठी दुसरी गन घेतली. तिच्यावर लाल टेप आणि ठळक अक्षरांत: तेल, फक्त ट्रनियन. रॅकला मात्र ग्रीसच लागतं, म्हणून दोन्ही गन वेगवेगळ्या खिळ्यांना.

६ एप्रिल

बदली ट्रनियन आला, हाताने शेवटपर्यंत फिरला. बसवला. काटा: डावा २ किलो, उजवा २ किलोच्या जरा वर. ट्रॅकिंग (पुढच्या दोन चाकांचा एकमेकांशी कोन) दोरी लावून केलं, पुढच्या बाजूने दीड मिलिमीटर आत.

मग मागच्या ब्रेकचे ड्रम. जुन्या शूजच्या (ड्रमला आतून घासणाऱ्या कमानींच्या) अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून धूळ हवेने उडवली नाही. पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसली, फडकं पिशवीत बंद. मास्क. डावीकडचा व्हील सिलिंडर ड्रममागच्या बॅकप्लेटमध्ये सरकायला हवा, तो गंजून थिजला होता. तो सरकला नाही तर एकच शू काम करतो. साफ करून, सरकत्या जागेला ब्रेकचं ग्रीस लावून बसवला. मागचे चौकोनी ॲडजस्टर शू टेकेपर्यंत फिरवून एक खाच मागे घेतले. पेडल वर आलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येणारं पेडल बहुतेक वेळा हेच सांगत असतं.

९ एप्रिल

गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारली, दिवसभर ऑफिस. संध्याकाळी उजेड होता. गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाशी नारळ फोडला, आणि केनिलवर्थ रोडने झाडीतून केनिलवर्थपर्यंत गेलो. ताशी ५० मैल, स्टिअरिंग दोन बोटांत. गोल चौकात वळण संपताना हात सैल केले आणि चाक तळहातांतून आपोआप मागे सरकलं. शेजारी बायको होती. किल्ल्यापाशी थांबून चारही रिम तपासल्या. पुढच्या दोन्ही सारख्याच कोमट.

१३ एप्रिल

चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. तरीही करून घेतली. माझ्या कामावर दुसऱ्याची नजर हवी होती आणि ब्रेकचा जोर मोजणाऱ्या रोलरवरचा आकडा हवा होता. पुढे डावं १४२ किलो, उजवं १३६. एका आसावरच्या दोन चाकांत ३० टक्क्यांच्या वर फरक असेल तर नापास करतात, हा चारच्या आसपास. मागच्या उजव्या सिलिंडरपाशी किंचित ओल आहे, पुढच्या शनिवारी तो उघडतो.

परत येताना हेराल्ड ॲव्हेन्यूला थांबलो आणि काकांना व्हिडिओ कॉल लावला. बायकोने फोन स्टिअरिंगसमोर धरला. रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत उजवीकडे वळवलं आणि दोन्ही हात सोडले. स्टिअरिंग फिरत मधे येऊन थांबलं.

काका काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत एकदा सोड बघू."